मागच्या सीटचा मान

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
आजपासून डायरी. बियाण्याच्या कंपनीनं जानेवारीत दिली होती. आजवर कोरी होती, कारण लिहावं असं काही घडलं नव्हतं. आज घडलं.

कलबुर्गीला हावगेप्पाच्या पुतण्याचं लग्न. हावगेप्पा म्हणजे माझा साडू, मंजुश्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तोंडावर अण्णा म्हणावं लागतं. डायरीत नाही म्हणणार. कलबुर्गीत त्याची डाळ मिल, बिदरच्या गंजमध्ये, म्हणजे धान्यबाजारात, माझी अडत. म्हणजे तूर आधी माझ्याकडे येते, मग त्याच्याकडे जाते. तरी मान त्याला. कारण मादन हिप्परग्याच्या त्या घरातली मुलगी त्यानं आधी केली आणि मी नंतर. आमच्या सासऱ्यांची, सिद्धप्पा मामांची, पद्धत कडक. पहिलं पान थोरल्या जावयाला, पहिला आहेर थोरल्या जावयाला, गाडीत चांगली जागा थोरल्या जावयाला. धाकटा जावई म्हणजे स्टेपनी. असावी लागते, पण कोणी बघत नाही.

तर आज आमच्या छोट्या पांढऱ्या गाडीतून बायकामंडळी हॉलच्या गेटवर उतरवली. काच धुळीनं भरली होती म्हणून फडक्यानं पुसत होतो. तेवढ्यात एक वाढपी बादली घेऊन आला आणि म्हणाला, चाचा, डरैवर लोगां का खाना पिच्छे है.

हावगेप्पा तिथंच गेटवर पाहुण्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत उभा. त्यानं ऐकलं. हा माझा साडू आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. बोलला काय, तर 'जा जा राजपाल, तिथं गरम मिळतंय.' आणि हसला. मागचे चारजण हसले. आमची आत्यासुद्धा हसली, जिला मी गाडीतून आणलं होतं.

मी अर्थातच मागं गेलो नाही. (नंतर गेलो, पुढं पंगतीत जागाच नव्हती म्हणून. जेवलो, पण रागानं.)

परत येताना मंजुश्री म्हणाली, कामून गप हाव? म्हणालो, डोळ्यात कचरा गेलाय.

ठराव: हावगेप्पाचा सूड घ्यायचा. सभ्य माणसासारखा, गाडी घेऊन.

१७ फेब्रुवारी, सोमवार
रात्रभर विचार करून प्लॅन फायनल. मेमध्ये संगमेश्वरच्या, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या, पिंकीचं लग्न आहे. हॉल तोच. हावगेप्पा त्याची ती काळी उंच गाडी स्वतः चालवत येणार, त्याला फार हौस. मी माझ्या लांबलचक गाडीच्या मागच्या सीटवरून उतरणार, ड्रायव्हर दार उघडणार, आणि हावगेप्पाच्या हातात किल्ली बघून मी शांतपणे म्हणणार, 'अण्णा, ड्रायव्हर लोकांचं जेवण मागं आहे.'

एवढंच. एक शब्द जास्त नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. 'अण्णा'नंतर थोडं थांबलं की जास्त लागतं.

मुलाला, बंटीला, फक्त एवढंच सांगितलं की मोठी गाडी घ्यायची. तो हैदराबादला नोकरी करतो, त्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं. म्हणाला, पप्पा, उंच घ्या, आपल्या रस्त्याला तीच बरी. मी म्हणालो, उंच गाडी कोणीही घेतं. मला सेडान पाहिजे, फुल साईझ, लक्झरी. फोनवर नुसतं 'पप्पा, पप्पा' म्हणत राहिला. मुलगा बापाच्या झेपेनं भारावला की असंच होतं.

मंजुश्रीला कारण सांगितलं नाही. तिनं ओळखलं. म्हणाली, ड्रायव्हर म्हणले तर काय बिघडलं, चालवत तर तुमीच होता की. या बाईला माहेरचं माणूस कधी चुकीचं वाटतच नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
भाव विचारायच्या निमित्तानं कलबुर्गी. हावगेप्पाची गाडी दारात उभी. आपली गाडी तिच्यापेक्षा लांब हवी, पण ती नेमकी केवढी, ते माहीत हवं. बंटी म्हणतो ही माहिती मोबाईलवर मिळते. मोबाईलवर काय वाट्टेल ते लिहितात. मी पोती शिवायची सुतळी नेली होती. पुढच्या बंपरपासून धरत धरत मागं आलो, गाठ मारणार, तेवढ्यात वरून शैलश्री अक्का, हावगेप्पाची बायको, म्हणाली, राजपाल, काय पडलं?

म्हणालो, किल्ली.

झालं. अख्खं घर खाली आलं. अक्का, सून, मिलचे दोन हमाल. हावगेप्पासुद्धा गुडघा धरत वाकला आणि मोबाईलचा उजेड पाडून गाडीखाली शोधू लागला. त्याचा गुडघा गेलाय असं दिसतं. शेवटी त्यालाच सापडली. म्हणाला, तुझ्या हातातच हाय की रं. मग चहा, चुरमुऱ्यांचा सुसला, आणि निघताना तुरीचे पापड बांधून दिले. मला लाजवायची ही त्याची जुनी रीत.

सुतळी मात्र घेऊन आलो. गाठ थोडी अंदाजानं मारली.

९ मार्च, रविवार
हैदराबाद. नव्या गाड्यांचं शोरूम. गाडीचं नाव इथं लिहिणार नाही, नजर लागते.

गाडी बघून मनातल्या मनात हावगेप्पाचा चेहरा पाहिला. काय चमक. सेल्समन पोरगं इंग्लिशमध्ये बोलत होतं. त्यानं मागचं दार उघडून मला आत बसवलं, पाय लांब करायचं बटन दाखवलं, पडदा वर-खाली करून दाखवला. दार लावताना म्हणाला, सर, हे आपटायचं नाही, हलकं टेकवायचं, पुढचं काम ते स्वतः करतं. खरंच करतं. पाच-सहा वेळा करून पाहिलं.

मग मी पुढं जाऊन स्टेअरिंगवर बसलो तर पोरगं गोंधळलं. ड्रायव्हरला नंतर ट्रेनिंग देतो म्हणाला. म्हणालो, मीच चालवून बघणार. त्यानं बंटीकडे पाहिलं. बंटी छताकडे बघत होता. पोरगं कामावर नवीन असावं.

सुतळी लावून पाहिली. गाडी गाठीच्या पुढं वीतभर. छाती भरून आली. शोरूममधली माणसं जमली होती, त्यांना सांगितलं आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

नवी घ्यायची नाही, असा निर्णय झाला. किंमत हे कारण नाही. (किंमत ऐकून मी पाणी मागितलं, पण उन्हाळा सुरू झालाय.) खरं कारण म्हणजे डिलिव्हरी जुलैमध्ये. सुडाला उशीर चालत नाही. शिवाय नवी गाडी कोणीही शोरूममधून आणतं. जुनी, पण राजेशाही, निवडायला डोळा लागतो.

२३ मार्च, रविवार
एजंट मिळाला. व्यंकट. मूळचा औरादकडचा, त्यामुळे विश्वासाचा. एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी बोलतो, त्यामुळे त्यानं नेमकं काय कबूल केलं ते नंतर सांगता येत नाही.

पहिली गाडी दिसायला झकास. आत बसलो तर दमट पोत्यात मोड आल्यासारखा वास. गंजमध्ये आयुष्य गेलं, भिजलेला माल नाकाला कळतो. विचारलं, पाण्यात होती काय? व्यंकट म्हणाला, लेदू, नाही अण्णा, ओनर को नहाने का शौक था. नको म्हणालो.

दुसरी पांढरी. पांढरी मला वर्ज्य. पांढऱ्या गाडीजवळ उभं राहिलं की काय होतं ते मी भोगलंय.

६ एप्रिल, रविवार
सापडली.

गडद निळी, जवळजवळ काळी. एका मालकाची. लांबी सुतळीच्या पुढं वीतभर, शिवाय चार बोटं. इंजिनचा आवाज येतच नाही, दोनदा चालू असताना पुन्हा चालू केली.

आतून बारीक तपासणी केली. पुढची डावी सीट कोरी, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. ड्रायव्हरच्या सीटवर लाकडी मण्यांचं कव्हर, घामानं काळं पडलेलं. मागची डावी बाजू मात्र चांगली बसकी, हात ठेवायची जागा गुळगुळीत. म्हणालो, मालक गाडी फार जपून वापरत असणार. व्यंकट म्हणाला, वापरली कुठं अण्णा, नुसता मागं बसला.

बंटीनं ओळखीचा मेकॅनिक आणला होता. तो खाली झोपून बघून आला आणि म्हणाला, गाडी चांगली आहे, पण पोट फार खाली आहे, तुमच्याकडे स्पीडब्रेकर कसे आहेत? सांगितलं, आमच्याकडे माणसं शहाणी आहेत.

बंटी म्हणाला, पप्पा, घेताय तर घ्या, पण असल्या गाडीला ड्रायव्हर लागतोय. ही गाडी मागं बसणाऱ्याची असते. हे मला मुलानं सांगावं? प्लॅनमध्ये ड्रायव्हर आहेच. १७ फेब्रुवारीचं पान बघावं.

३० एप्रिल, बुधवार, बसव जयंती
आज हैदराबादहून डिलिव्हरी. मुहूर्त मीच काढला. बंटीला रजा नव्हती, म्हणून मी आणि मंजुश्री, शिवाय बघायला म्हणून आलेली आत्या आणि तिची सून.

हायवेवर स्वर्ग. पुढं गावं लागली आणि पहिल्या गतिरोधकावर खालून असा आवाज आला की आत्यानं देवाचं नाव घेतलं. हे गतिरोधक सरकारी नाहीत, गावानं स्वतः घातलेत, ज्याच्या त्याच्या रागाच्या मापानं. पुढच्या ठिकाणी सगळ्यांना खाली उतरवलं. रिकामी गाडी अलगद पार. मग तीच पद्धत ठेवली. गतिरोधक आला की तिघी उतरायच्या, पलीकडे चालत यायच्या, पुन्हा बसायच्या. दरवेळी मी ओरडायचो, दार आपटू नका.

या त्रासातून एक सुंदर कल्पना सुचली. लग्नानंतर हावगेप्पाला म्हणणार, चला अण्णा, एक चक्कर. आणि प्रत्येक गतिरोधकाला त्याला उतरवणार. गुडघ्यासकट.

१ मे, गुरुवार
बिदरमधल्या मैलूरच्या आमच्या गल्लीत काल संध्याकाळी थोडी अडचण झाली. गाडी वळली. बऱ्याच वेळानं, पण वळली. गेटमधून आतही गेली. पूर्ण नाही. नाक तुळशीजवळ आणि शेपूट गल्लीत. दूधवाला, शेजारी, रिक्षावाले सगळे येऊन सल्ला देऊन गेले. मंजुश्री म्हणाली, दुसऱ्याची गाडी मोजायला कलबुर्गीला गेलाव, आपलं गेट मोजलंव का?

मी रिक्षावाल्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि गाडी मागं घेतली.

गाडी आता गंजमध्ये, गोदामात. मोठ्या गाड्यांना वेगळी जागा लागतेच. तुरीच्या थप्प्या एका बाजूला सरकवल्या. आत बसलं की हलका पोत्याचा वास येतो, पण तो घरचा वास आहे.

दुकानासमोर उभी केली तेव्हा ठाणाकुशनूरचा श्रीमंत पाटील आला, माझं जुनं गिऱ्हाईक. गाडीकडे बघून हळू आवाजात म्हणाला, कोन साहेब आलेत? म्हणालो, माझी गाडी आहे. तो व्हय व्हय म्हणाला आणि दुकानात डोकावून साहेबाला शोधत राहिला.

५ मे, सोमवार
ड्रायव्हर ठेवला. गुंडप्पा. आयुष्यभर औरादच्या रस्त्यावर बस चालवली, आता निवृत्त. पांढरा शर्ट, कडक मिशी, हात स्थिर. हा दार उघडताना शोभणार.

आज ट्रायल. मी गॉगल लावून मागं बसलो, डाव्या बाजूला, जिथं सीट बसकी आहे. काय सांगू. पाठीला असा टेका मिळाला की वाटलं, आजवर आपण उभेच होतो. ठाणाकुशनूरला जाऊन यायचं ठरलं.

मग गंमत सुरू झाली. रस्त्यानं जो तो हात वर करून नमस्कार करतोय, शरणु गुंडप्पा. चहाच्या टपरीवरून, ट्रॅक्टरवरून, एसटी थांब्यावरून. शरणु गुंडप्पा, बरं हाय का गुंडप्पा. माझ्याकडे कोणी बघेना. गॉगल काढला, काच खाली केली, तरी नाही. एकानं मला विचारलं, तुमी गुंडप्पाचे पाहुणे का?

संतपूरच्या फाट्याला गुंडप्पानं सवयीनं गाडी थांबवली. एक म्हातारी दार उघडून सरळ माझ्या शेजारी बसली, सरक जरा म्हणाली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि पुढं बघून म्हणाली, ठाणाकुशनूर एक. गुंडप्पाला हसू आवरेना. उतरताना तिनं दार आपटलं.

गुंडप्पाला संध्याकाळी कामावरून काढलं. गाडी माझी आणि शरणु त्याला, हे चालणार नाही. त्याला सांगितलं, तुम्ही ब्रेक जोरात मारता. शांतपणे व्हय म्हणाला आणि किल्ली फडक्यानं पुसून दिली.

९ मे, शुक्रवार
दुसरा ड्रायव्हर बघणं चालू. एक आला, त्याचे बूट चिखलाचे. दुसरा आला, त्यानं माझ्यासमोर आरसा स्वतःच्या तोंडावर फिरवून भांग पाडला. तिसऱ्याला गाडी दिली तर त्यानं पहिलं वाक्य काय म्हणावं, सेठ कुठं हायत?

माझ्या हाताला गाडी आता बसलीय. खरं म्हणजे मालकानं स्वतः चालवणं यात जास्त रुबाब आहे. परदेशात सगळे स्वतःच चालवतात. प्लॅनमध्ये छोटा बदल: गेटवर थांबायचं, चावी वॉचमनकडे फेकायची, उतरायचं, आणि वाक्य. वाक्यात बदल नाही.

मंजुश्री म्हणाली, गुंडप्पाला परत बोलवा. तिला म्हटलं, काही गोष्टी बायकांना समजत नाहीत. ती म्हणाली, समजायलंय की, म्हणूनच सांगायलेय.

१४ मे, बुधवार
सासऱ्यांचा फोन. मामा सहसा मला फोन करत नाहीत, हावगेप्पाला करतात आणि तो मला सांगतो. आज थेट मला. म्हणाले, राजपाल, लई मोठी गाडी घेतलीस म्हनं. बरं केलास. पोरगी तुझ्याच गाडीतून मांडवाला जाणार, आदल्या दिवशी हिप्परग्याला ये.

इतक्या वर्षांत या माणसानं मला पहिल्यांदा 'बरं केलास' म्हटलं. डोळ्यात कचरा गेला, म्हणजे खरंच गेला, गंजमध्ये फोलपट उडतच असतं.

आता हावगेप्पा संपला. नवरी माझ्या गाडीत, आणि तो मागून त्याच्या काळ्या डब्यात धूळ खात येणार.

१७ मे, शनिवार, मादन हिप्परगा
पोचलो. जाताना हुमनाबादला वीरभद्रेश्वरासमोर गाडीची पूजा केली. लिंबं चाकाखाली, नारळ, हळद-कुंकू बॉनेटवर. देवाला मनातलं सांगितलं. देव समजला असावा.

गाव गाडीभोवती. मामांनी काठी टेकत एक फेरी मारली आणि हातानं पत्रा थोपटला. संगमेश्वर म्हणाला, भाऊजी, घराण्याचं नाव काढलंत.

मग एसटी थांब्याकडून हावगेप्पा येताना दिसला. चालत. अक्का सोबत, हातात बॅग. गाडी कुठंय विचारलं. म्हणाला, घरात एवढी मोठी गाडी आली, आता माझी कामून काढू? शिवाय गुडघ्यानं क्लच दबत न्हाई. उद्या तुझ्या गाडीत.

मी म्हणालो, तुमच्या हातात किल्ली नाही?

तो म्हणाला, कसली किल्ली?

संध्याकाळी मामांनी ओसरीवर बसून उद्याची व्यवस्था सांगितली. या घरात नवरी मांडवाला जाते ती घरातल्या सगळ्यात मोठ्या गाडीतून, आणि तिच्या शेजारी थोरला जावई आणि थोरली लेक. पूर्वी बैलगाडी होती तेव्हापासूनची पद्धत. मला ही पद्धत माहीत होती. माझ्या लग्नात पाहिली होती. सगळ्यात मोठी गाडी घेताना नेमकी तीच कशी डोक्यातून गेली, कळत नाही.

पुढं मामा स्वतः बसणार. मंजुश्री टेम्पोत, भांड्यांबरोबर.

मी म्हणालो, आणि मी? मामा म्हणाले, तू चालवणार न्हाईस का?

हरकत नाही. गतिरोधक आहेत. उद्या हावगेप्पा उतरणार. प्रत्येक गावात.

१८ मे, रविवार, दुपारी, हॉलच्या मागं
गाडी झाडाखाली लावलीय. पुढच्या सीटवर बसून लिहितोय.

पहिला गतिरोधक आळंदच्या अलीकडे. गाडी थांबवली, म्हणालो, जरा सगळ्यांनी उतरता का, गाडीचं पोट घासतंय. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अक्का म्हणाली, हळदीच्या पोरीनं मांडवाआधी रस्त्याला पाय लावू नये. तिला सोडून अक्का उतरणार नाही. मामांचं वय झालेलं. राहिला हावगेप्पा. मागं वळून पाहिलं. डाव्या बाजूला, बसक्या जागेत, तोंड उघडं टाकून झोपला होता.

थोरल्या जावयाला झोपेतून उठवून रस्त्यावर कोण उतरवणार?

कलबुर्गीपर्यंत प्रत्येक गावात गाडी घासली. प्रत्येक घासण्याला हावगेप्पा अर्धवट जागा व्हायचा, 'राजपाल, हळू' म्हणायचा आणि पुन्हा झोपायचा. पिंकी मात्र हळूच म्हणाली, काका, छान चालवायलाव. तिचं भलं होवो.

गेटवर बॅंडवाले, कॅमेरावाले. मी तयार. शर्टाची कॉलर नीट केली. लोक धावत आले ते सगळे मागच्या दाराला. दारं उघडली, अक्षता, फुलं, नवरी उतरली, अक्का उतरली, हावगेप्पा दोघांच्या खांद्यावर हात ठेवून राजासारखा उतरला. मामांना दोघांनी धरून नेलं. मी चावी हातात घेऊन वॉचमनकडे बघितलं. त्यानं काचेवर टकटक केली. गाडी पिच्छे लेव चाचा, रस्ता जाम होरा.

वाक्य तयार होतं. म्हणायला समोर कोणी नव्हतं.

मागं आलो. काचेवर अक्षता आणि गुलाल चिकटलेला, फडक्यानं पुसत होतो, तेव्हा तो बादलीवाला वाढपी आला. त्यानं मला ओळखलं. आता काही सांगायची गरज नव्हती, नुसतं मानेनं दाखवलं.

पंगतीत गुंडप्पा होता. नवऱ्याकडच्या मंडळींची बस घेऊन आलाय. त्यानं सरकून शेजारी जागा केली. गाडीचं विचारलं नाही. माझ्या पानात तूप वाढायला लावलं.

मंजुश्री माझ्यासाठी ताट घेऊन येत होती, मला या पंगतीत बसलेला बघून थांबली. मग जवळ येऊन सांगितलं. तिकडं व्याही म्हणत होते, तुमचा ड्रायव्हर लई सांभाळून चालवतोय, कुठला हाय? अण्णा म्हणाले, घरचाच हाय, लई जुना हाय. मी विचारलं, अण्णा हसला का? ती म्हणाली, न्हाई. हसला नाही हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

भात गरम होता. वरणही. मागं गरम मिळतंय, हे हावगेप्पा फेब्रुवारीत खरंच म्हणाला होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
निघायला उशीर होता. सगळे आत. विचार केला, गाडी आपली आहे. मागचं दार उघडून डाव्या बाजूला बसलो. बटन दाबून पाय लांब केले. पडदा वर केला. पाच मिनिटं बसायचं, एवढंच मनात होतं. घोरायला कधी लागलो कळलं नाही.

काचेवर बोटानं टकटक. वाढपी. चाचा, सामने जाके बैठो, सेठ लोगां आरहे.

त्याच्यामागं हावगेप्पा उभा, एक हात गुडघ्यावर. त्यानं वाढप्याला हळू आवाजात दटावलं. निजू दे रं त्याला, सकाळधरनं चालवायलाय. मी थांबतो की.

आणि खरंच तो थांबला, दुखऱ्या पायावर, झाडाला टेकून. ही डायरी मी याच माणसासाठी सुरू केली होती.

उतरलो. दार धरून उभा राहिलो. तो सावकाश आत बसला, बसक्या जागेत, आणि पाय लांब केले. मी दार हलकं टेकवलं. ते आपटायचं नसतं, पुढचं काम ते स्वतः करतं.